सांडपाणी शहराचं तपासा, घराचं नको

प्रति,
मा. आयुक्त, कोल्हापूर महानगरपालिका
आणि
मा. जिल्हाधिकारी, कोल्हापूर (अमली पदार्थविरोधी जिल्हास्तरीय समितीचे अध्यक्ष या नात्यानं)

विषय: शहराच्या सांडपाण्यावरून अमली पदार्थांच्या वापराचं मोजमाप करण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

कोल्हापुरात रोज किती गांजा ओढला जातो, किती एम.डी. (मेफेड्रोन हा उत्तेजक अमली पदार्थ) घेतली जाते, झोपेच्या आणि वेदनेच्या किती गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय पोटात जातात, हे आज आपल्याला माहीत नाही. पोलिसांना नाही, आरोग्य विभागाला नाही, मुलांच्या आईवडिलांना तर नाहीच. हे मोजण्याची एक पद्धत उपलब्ध आहे. जगातल्या अनेक शहरांत ती वर्षानुवर्षं चालू आहे आणि तिच्यासाठी कुणाच्याही दारात जावं लागत नाही. लागतं ते कसबा बावड्याच्या आणि दुधाळीच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रांत रोज येऊन पडणारं पाणी. हे मोजमाप आपण सुरू करावं, अशी विनंती करण्यासाठी हे पत्र लिहितो आहे. आणखी एक विनंती आहे, आणि ती मला पहिलीइतकीच महत्त्वाची वाटते: पहिली बाटली भरण्याआधी या माहितीचा वापर कशासाठी होणार नाही, हे आपण लेखी ठरवावं.

मी महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालो आहे. पाण्याच्या तपासण्या विद्यार्थ्यांकडून करून घेण्यात माझी बरीच वर्षं गेली. आज हे पत्र लिहायचं कारण मात्र प्रयोगशाळेतलं नाही. आमच्या भागातली, माझ्या डोळ्यांसमोर वाढलेली मुलं या विळख्यात सापडताना मी बघतो आहे. त्यांचे आईवडील कुणाशी बोलत नाहीत, आणि बोलायचं तर कुणाशी, हेही त्यांना कळत नाही.

आपल्या हातात सध्या आहेत ते जप्तीचे आकडे. नोव्हेंबर २०२१ मध्ये मुंबई पोलिसांनी चंदगड तालुक्यातल्या ढोलगरवाडीत एका फार्महाऊसवर छापा टाकला, तिथं एम.डी. बनत होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांना दौंडजवळच्या कुरकुंभ औद्योगिक वसाहतीत कारखाना सापडला आणि त्याचे धागे सांगलीपर्यंत आले. पुढच्याच महिन्यात कवठेमहांकाळ तालुक्यातल्या इरळीत शंभर किलोहून जास्त एम.डी. पकडली गेली. या बातम्या वाचून माणूस हादरतो, पण त्यातून आपल्या शहराबद्दल काय कळतं? इथं बनलेला माल इथंच खपतो की मुंबईला जातो, हे जप्ती सांगत नाही. जप्तीचा आकडा हा पोलिसांच्या कामाचा आकडा आहे. एखाद्या वर्षी पथक नेटानं फिरलं की तो वाढतो, पुढच्या वर्षी तेच पथक बंदोबस्तात अडकलं की घटतो. त्या काळात गल्लीतल्या मुलाचं व्यसन वाढलं की कमी झालं, याचा त्याच्याशी संबंध असेलच असं नाही.

दुसरा मार्ग पाहणीचा. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सनं देशभर मोठी पाहणी केली, तिचा अहवाल फेब्रुवारी २०१९ मध्ये आला. १० ते ७५ या वयोगटात १४.६ टक्के लोक दारू पितात, २.८ टक्के भांग-गांजा-चरस घेतात आणि २.१ टक्के अफूपासून बनलेले किंवा त्या जातीचे पदार्थ घेतात, असं त्यात आढळलं. काम फार मोलाचं आहे. पण त्याचे अंदाज देशाचे आणि राज्यांचे आहेत, त्यातून कोल्हापूर वेगळं काढता येत नाही. शिवाय घरोघर जाऊन विचारायचं म्हटलं की अडचण येतेच. सोप्यात आई बसली आहे, वडील पेपर वाचताहेत, आणि अनोळखी माणूस विचारतो, ‘गेल्या वर्षभरात गांजा ओढलात का?’ एकोणीस वर्षांचा मुलगा काय उत्तर देईल?

सांडपाण्याला विचारावं लागत नाही. शरीरात गेलेला पदार्थ यकृतात मोडतो, त्याचे ठरावीक अवशेष लघवीतून बाहेर पडतात. कोकेनचा बेन्झॉइलएक्गोनिन नावाचा अवशेष असतो. गांजातल्या टी.एच.सी. या नशा आणणाऱ्या द्रव्याचं एक कार्बॉक्सिल रूप बाहेर येतं. तंबाखूतल्या निकोटिनचं कोटिनिन होतं, दारूचा थोडासा भाग इथाइल सल्फेट होऊन निघतो. हे अवशेष शरीरातच तयार होत असल्यामुळे, कुणी नुसती पुडी मोरीत ओतली की कुणी ती खरंच घेतली, यातला फरकही पुष्कळदा कळतो. ही कल्पना अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेतले ख्रिश्चन डॉटन यांनी २००१ मध्ये मांडली. २००५ मध्ये मिलानच्या मारियो नेग्री संस्थेतल्या एत्तोरे झुक्कातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इटलीतल्या पो नदीचं पाणी तपासलं. नदीतून रोज सुमारे चार किलो कोकेनच्या वापराइतके अवशेष वाहत होते, म्हणजे दिवसाला ४०,००० मात्रा. सरकारी अंदाज महिन्याला १५,००० वेळा वापराचा होता. लोक पाहणीत जे सांगत नव्हते, ते नदीत सापडलं.

पुढं हे काम युरोपात पसरलं. २०११ मध्ये १९ शहरांनी एकाच आठवड्यात, एकाच पद्धतीनं नमुने घेतले. २०२४ च्या फेरीत २६ देशांतली १२८ शहरं होती, आणि त्याचे आकडे लिस्बनमधली युरोपीय अमली पदार्थ संस्था दरवर्षी सगळ्यांसाठी खुले करते. ऑस्ट्रेलियात २०१६ पासून राष्ट्रीय कार्यक्रम आहे. कोकेन आणि एम.डी.एम.ए. (एक्स्टसी, एम.डी.हून वेगळा पदार्थ) शनिवार-रविवारी चढतात, तर गांजा आणि मेथाम्फेटामिन हे उत्तेजक आठवडाभर जवळपास सारखे राहतात, अशा गोष्टी या मोजणीतून दिसल्या. पहिला प्रकार मौजमजेचा, दुसरा रोजच्या गरजेचा. उपाययोजना आखणाऱ्याला हा फरक फार उपयोगाचा असतो.

हिशेब अवघड नाही, आठवीच्या मुलालाही समजेल. कसबा बावड्याचं केंद्र दिवसाला ७६ दशलक्ष लिटर क्षमतेचं आहे, दुधाळीचं १७ दशलक्ष. समजा बावड्याला एका लिटरात एखाद्या अवशेषाचे १०० नॅनोग्रॅम (एक नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग) सापडले आणि त्या दिवशी ७ कोटी ६० लाख लिटर पाणी आलं, तर त्या दिवसाचं एकूण वजन ७.६ ग्रॅम झालं. घेतलेल्या पदार्थाचा किती भाग त्या अवशेषाच्या रूपानं बाहेर पडतो, हे वैद्यकीय अभ्यासांतून माहीत असतं. त्यावरून मूळ पदार्थ किती घेतला गेला ते काढायचं आणि लोकसंख्येनं भागायचं. उत्तर येतं ते ‘दर हजार माणसांमागे दिवसाला इतके मिलिग्रॅम’ असं. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ती हीच, फक्त शीत नीट निवडलेलं हवं.

आणि ते नीट निवडणं कोल्हापुरात सोपं नाही, हे मला आपल्यासमोर प्रामाणिकपणे मांडायचं आहे. युरोपातल्या शहरांत बंद गटारातून मैला थेट केंद्रात जातो. आपल्याकडे शहराचं बरंचसं पाणी नाल्यांतून वाहतं. जयंती नाल्याला बांध घालून ते पाणी उपसून बावड्याला नेलं जातं. उघड्या नाल्यात ऊन, गाळ आणि जिवाणू यांच्यामुळे काही अवशेष वाटेतच विघटित होतात. हेरॉइनचा खास अवशेष तर फार लवकर मोडतो, आणि गांजाचा अवशेष गाळाला चिकटून बसतो. उपनगरांतल्या कितीतरी घरांना अजून सेप्टिक टँक आहेत, त्यांचं पाणी केंद्रात येतच नाही. म्हणून आपल्याला मिळणारा आकडा हा कमीत कमी धरायचा आकडा असेल, आणि तो छापताना तसं स्पष्ट लिहावं लागेल.

पावसाळ्यात तर हे काम करूच नये. जून ते सप्टेंबर नाल्यांत पावसाचं पाणी मिसळतं, पंचगंगा पात्राबाहेर आली की उपशाची यंत्रणाच बंद पडते. २०१९ आणि २०२१ चे महापूर कुणी विसरलेलं नाही. नमुने घ्यावेत ते ऑक्टोबर ते मे या काळात, सलग सात दिवस, दिवसाचे चोवीस तास ठरावीक अंतरानं आपोआप पाणी ओढणाऱ्या यंत्रानं. सकाळी एकदा बादली बुडवून भागणार नाही. सकाळचं पाणी आणि दुपारचं पाणी यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. केंद्राच्या तोंडाशी पाण्याचा प्रवाह मोजणारा मीटर चालू आणि तपासलेला हवा. तो बंद असेल तर पुढची सगळी मेहनत वाया जाईल. नमुना लगेच थंड करून, आम्ल घालून, गोठवून ठेवावा लागतो. तपासणी द्रव क्रोमॅटोग्राफी आणि मास स्पेक्ट्रोमेट्री जोडलेल्या, म्हणजे मिश्रणातले रेणू वेगळे करून वजनावरून ओळखणाऱ्या यंत्रावर होते. तुलनेसाठी लागणारे शुद्ध संदर्भ पदार्थ आणायला ग्वाल्हेरच्या केंद्रीय नार्कोटिक्स ब्युरोच्या परवानग्या लागतील, त्यात महिने जातात. हे आत्ताच सुरू केलं तरच पुढच्या हिवाळ्यात काही हाती येईल.

कोल्हापूरचं पाणी वाचायला कोल्हापूर माहीत असलेलीच माणसं लागतील. नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाला लाखो भाविक येतात. त्या आठवड्यात शहराची लोकसंख्या जनगणनेच्या साडेपाच लाखांवर धरली तर उत्तर चुकणार. पाण्यातल्या अमोनियावरून त्या दिवशी प्रत्यक्ष किती माणसं शहरात होती याचा अंदाज काढता येतो, तो काढावा. महाशिवरात्रीच्या आठवड्यात गांजाचा अवशेष वाढलेला दिसेल, पण त्यात भांगही असणार. कायद्यानं भांगेची पानं गांजाच्या व्याख्येत येत नाहीत, आणि सांडपाण्याला दोन्ही सारखीच दिसतात. मॉर्फिन सापडलं तर ते कर्करोगाच्या रुग्णाचंही असू शकतं, केटामाइन शस्त्रक्रियेच्या टेबलावरचंही असू शकतं. ट्रामाडॉल हे वेदनाशामक एप्रिल २०१८ पासून अमली पदार्थांच्या कायद्यात आलं आहे, तरी डॉक्टर ते आजही रीतसर देतात. सी.पी.आर. (छत्रपती प्रमिलाराजे हे सरकारी रुग्णालय) आणि खासगी रुग्णालयांनी त्या आठवड्यात काय आणि किती वापरलं याची बेरीज मिळवून ती वजा करावी लागेल. उरेल ते आपल्या काळजीचं.

मेफेंटरमाइनबद्दल जरा सविस्तर लिहितो. हे इंजेक्शन भूल दिल्यावर घसरलेला रक्तदाब वर आणण्यासाठी असतं आणि चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. पण गेली काही वर्षं पश्चिम महाराष्ट्रात व्यायाम करणाऱ्या पोरांत ते ‘दम वाढवायला’ म्हणून टोचलं जातं, हे जिममध्ये, मैदानावर आणि मेडिकलच्या दुकानांत सगळ्यांना ठाऊक आहे. जागतिक उत्तेजकविरोधी यादीत ते स्पर्धेच्या काळात बंदी असलेलं उत्तेजक आहे. हृदयाचे ठोके वाढवतं, रक्तदाब चढवतं, झोप उडवतं, आणि सवय लागली की मनावर परिणाम करतं, संशय आणि भास सुरू होतात. ज्या शहरानं राजर्षी शाहू महाराजांच्या काळात खासबाग मैदान उभं केलं, जिथं खुराक, लाल माती आणि वस्तादाचा शब्द यांवर पैलवान घडला, त्या शहरात अठरा वर्षांचं पोर दंडात सुई घेऊन मेहनत करतं हे मला सहन होत नाही. सांडपाण्यातून याचा माग काढता येईल. रुग्णालयांचा वापर वजा करून जे उरेल, त्यावरून औषध प्रशासनाला शहरातली बेकायदा विक्री किती मोठी आहे याचा अंदाज येईल, आणि छापे टाकल्यावर ती खरंच घटली का, हेही पुढच्या मोजणीत दिसेल.

या यादीत दारू आणि तंबाखू नक्की घ्याव्यात. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे आणि कोपऱ्याकोपऱ्यावर मावा चोळून मिळतो. मोजायचं तर हेही मोजू. त्यामागे दुसरं कारणही आहे. फक्त बेकायदा पदार्थ मोजले तर हे काम पोलिसांचं ठरतं. दारू आणि तंबाखू त्यात आल्या की ते सार्वजनिक आरोग्याचं होतं, आणि माझ्या मते त्याची जागा तीच आहे.

आता माझ्या दुसऱ्या विनंतीकडे येतो.

शहराच्या टोकाला, साडेपाच लाखांचं पाणी एकत्र झाल्यावर काढलेल्या नमुन्यात कुणीही एकटा माणूस दिसत नाही. पण तीच बाटली नाल्यानं वरवर सरकवत नेली, तर ती एका पेठेपाशी पोहोचते, मग एका तालमीपाशी, एका वसतिगृहाच्या ड्रेनेजच्या झाकणापाशी. तंत्र तेच राहतं, आणि त्याची पाळत होते. ही नुसती कल्पना नाही. चीनमधल्या झोंगशान शहरात पोलिसांनी सांडपाण्याच्या तपासणीची मदत घेऊन अमली पदार्थ बनवणाऱ्याला पकडल्याचं २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं. कारखाना पकडला याचं मला वाईट वाटत नाही. नेदरलँड्समध्ये युट्रेख्टच्या सांडपाण्यात २०११ मध्ये एम.डी.एम.ए. अचानक प्रचंड वाढलं, आणि रेणूच्या रचनेवरून कळलं की ते कुणी घेतलेलं नव्हतं, ओतून दिलेलं होतं. ढोलगरवाडीसारखा कारखाना हुडकायला असा उपयोग होत असेल तर तो वेगळ्या परवानगीनं, न्यायालयाच्या देखरेखीखाली व्हावा. मला भीती आहे ती घेणाऱ्यांच्या मागे लागण्याची. ऑस्ट्रेलियात २०१७ मध्ये सरकारनं बेकारभत्ता घेणाऱ्यांची अमली पदार्थ चाचणी करायचं ठरवलं आणि त्यासाठी तीन ठिकाणं निवडताना सांडपाण्याच्या आकड्यांचा आधार घेतला. त्या प्रस्तावाला डॉक्टरांनी आणि समाजकार्यकर्त्यांनी विरोध केला आणि तो मंजूर झाला नाही. पण शास्त्रज्ञांनी आरोग्यासाठी जमवलेले आकडे गरिबांच्या झडतीसाठी वापरायची कल्पना सरकारला सुचली, एवढं खरं.

आपल्याकडे काय होईल, हे मला स्वच्छ दिसतं. ‘अमुक पेठेत गांजा सर्वाधिक’ अशी बातमी येईल. त्या पेठेतल्या पोराला भाड्यानं खोली मिळायची नाही, मुलीचं स्थळ परत जाईल, फुटबॉलच्या सामन्यात समोरची गॅलरी त्यावरून घोषणा देईल. खरं घेणारा मात्र सावध होईल आणि अधिक लपेल. झोपडपट्टीच्या नाल्यात नमुना घेणं सोपं असतं, तो उघडा असतो. बंगल्यांच्या सोसायटीचं ड्रेनेज बंद असतं. म्हणजे नमुने कुठून घेतले जातील आणि बदनामी कुणाची होईल, हेही आधीच ठरलेलं आहे.

१८९७ च्या प्लेगमध्ये पुण्यात रोगी शोधायला सैनिक घराघरात शिरले. हेतू रोग थांबवण्याचा होता. परिणाम असा झाला की लोकांनी आजारी माणसं लपवली, मृत्यू लपवले, आणि रोग पसरत राहिला. सरकार दारात आलं की माणूस आधी आपलं घर वाचवतो. अमली पदार्थ प्रतिबंधक कायद्याच्या कलम २७ नुसार नुसतं सेवन करणं हाही गुन्हा आहे, पदार्थ कोणता त्याप्रमाणे सहा महिने किंवा एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. असा कायदा असताना गल्लीच्या ड्रेनेजमध्ये बाटली बुडालेली दिसली, तर लोक काय समजतील?

याच देशात, याच राज्यात, हे चांगल्या तऱ्हेनं केल्याचं उदाहरणही आहे. मुंबईत २००१ पासून सांडपाण्यात पोलिओचा विषाणू शोधला जाऊ लागला. तो सापडला की कुणाला अटक झाली नाही, कुठल्या वस्तीला नावं ठेवली गेली नाहीत. त्या भागात डोस पाजणाऱ्या ताई दारोदार गेल्या. मार्च २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला, त्यात त्या नाल्यांतल्या नमुन्यांचा वाटा आहे. ते जमलं, कारण विषाणू सापडल्यावर द्यायला हातात लस होती.

आपल्या हातात काय आहे, असा प्रश्न मी आपल्याला आणि स्वतःलाही विचारतो. उद्या आकडा आला, तो आपल्या अंदाजाच्या दुप्पट निघाला, आणि घाबरलेली आई मुलाला घेऊन आली, तर तिनं जायचं कुठं? १४४४६ हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे, तो शहरात किती भिंतींवर लिहिला आहे? सी.पी.आर.च्या मनोविकार विभागात व्यसनी रुग्णासाठी ठरावीक वार, ठरावीक खोली आणि समुपदेशक हवा. तिथं आलेल्याचं नाव पोलीस ठाण्यात जाणार नाही, असा फलक दारावर हवा. कायद्याचं कलम ६४ अ उपचारासाठी स्वतःहून येणाऱ्या व्यसनी माणसाला सेवनाच्या खटल्यापासून संरक्षण देतं. हे कलम किती वकिलांना, किती हवालदारांना, किती पालकांना माहीत आहे? माझ्या ओळखीच्या एका कुटुंबानं मुलाला मारझोड करणाऱ्या खासगी ठिकाणी महिनोन् महिने ठेवलं, केवळ सरकारी दवाखान्यात नेलं तर केस होईल या भीतीनं. मुलगा परत आला तो अधिक बिघडून.

म्हणून माझं मागणं असं आहे. नमुने फक्त दोन प्रक्रिया केंद्रांच्या तोंडाशी घ्यावेत, त्याच्या वर नाल्यात, पेठेत, संस्थेत किंवा वसतिगृहात कधीही नाही. दोन्ही केंद्रांचे आकडेसुद्धा वेगवेगळे छापू नयेत, सगळ्या शहराचा एकच द्यावा. दुधाळीला कुठल्या पेठांचं पाणी येतं हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. तपासणी विद्यापीठानं किंवा वैद्यकीय महाविद्यालयानं करावी. शिवाजी विद्यापीठात रसायनशास्त्राची परंपरा आहे, उपकरणांचं केंद्र आहे, आणि हे काम करू शकतील अशी तरुण मंडळी आहेत. पोलिसांच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेकडे हे जाऊ नये. तिथल्या माणसांच्या कौशल्याबद्दल माझ्या मनात शंका नाही, पण त्या प्रयोगशाळेचं काम खटल्यासाठी पुरावा देणं आहे आणि लोक तिला तशीच ओळखतात. वैद्यकीय महाविद्यालयाच्या नीतिसमितीची मंजुरी आधी घ्यावी. मोजलेल्या बाटल्या ठरावीक मुदतीनंतर नष्ट कराव्यात, म्हणजे त्यात पुढं कुणी आणखी काही शोधणार नाही. आकडा लपवू नये. वाईट आला तरी तो वर्षातून एकदा, मर्यादांसह, मराठीत, महापालिकेच्या फलकावर लागावा. आकडा वाढला तर सगळ्यात आधी उपचाराची सोय वाढवली जाईल, असं त्याच ठरावात लिहावं.

पोलिसांना यातून काहीच मिळणार नाही का, असं कुणी विचारेल. मिळेल. शहरात एम.डी. वाढते आहे की गोळ्या, हे कळलं तर त्यांना पथकाचं लक्ष कुठल्या मालाकडे वळवायचं ते ठरवता येईल. मोठी टोळी पकडल्यावर तीन महिन्यांनी वापर उतरला, की माल दुसऱ्या वाटेनं आला, हे पहिल्यांदाच कळेल. त्यासाठी त्यांना कुणाच्या घराचा पत्ता लागत नाही.

माझे काही सहकारी म्हणतात की हे दार उघडूच नये, एकदा यंत्र आलं की कुणीतरी ते वर नाल्यात नेणारच. त्यांची भीती मी हलकी धरत नाही. पण न मोजण्याची किंमत आपण आत्ताही मोजतो आहोत. अफवा हाच आपला अहवाल झाला आहे. एखाद्या महाविद्यालयाबद्दल, एखाद्या वस्तीबद्दल वाटेल ते बोललं जातं आणि खोटं ठरवायला कुणाकडे आकडा नसतो. खरं दुखणं कुठं आहे हे न कळल्यानं शाळांतून भाषणं होतात, फेऱ्या निघतात, शपथा होतात, आणि सुई घेणारं पोर त्या फेरीत पुढं चालत असतं. नियम आधी आणि मोजणी नंतर, या क्रमानं गेलं तर दोन्ही साधेल, असं मला मनापासून वाटतं. क्रम उलटा झाला, तर या मोजणीला विरोध करणाऱ्यांत मीही असेन.

आपण दोघांनी मिळून एक बैठक बोलवावी. तिथं ड्रेनेज विभागाचे अभियंते, सी.पी.आर.चे मनोविकारतज्ज्ञ, विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ, तालमींचे वस्ताद आणि व्यसनातून बाहेर पडलेली माणसं असावीत. शेवटच्या दोघांना कृपया वगळू नका, त्यांना ठाऊक आहे ते आम्हा पुस्तकी लोकांना ठाऊक नाही. बैठक सर्वांसाठी खुली ठेवावी आणि ठरावाचा मसुदा आधी वाचायला मिळावा. प्रवाहमापकांची तपासणी, संदर्भ पदार्थांच्या परवानग्या आणि सी.पी.आर.मधली खोली ही तिन्ही कामं त्याच बैठकीत कुणाकडे आणि कधीपर्यंत, हे ठरलं तर पाऊस ओसरल्यावरचा पहिला आठवडा नमुन्यांसाठी धरता येईल. नमुने कसे घ्यायचे, कसे जपायचे हे शिकवायला मी विनामोबदला येईन, बोलवाल तेव्हा.

आपला नम्र,
रसायनशास्त्राचा एक निवृत्त प्राध्यापक
कोल्हापूर